मन-शरीर आरोग्याच्या परिषदांना तरुण संशोधक पाठवताना: नाशिकमधील मार्गदर्शकांसाठी आणि विभागांसाठी

मन आणि शरीर यांच्या परस्परसंबंधावर काम करणारे तरुण संशोधक नाशिकमध्ये एका छपराखाली सापडत नाहीत. आडगावच्या वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्राचा एखादा पदव्युत्तर विद्यार्थी प्राणायामाचा हृदयगतीवर होणारा परिणाम मोजत असतो. गणेशवाडीच्या आयुर्वेद महाविद्यालयात कोणी सत्त्वावजय चिकित्सेवर, म्हणजे आयुर्वेदातील मनाच्या उपचारपद्धतीवर, प्रबंध लिहीत असते, परिचर्या महाविद्यालयातील एखादी विद्यार्थिनी पेठ-सुरगाण्याच्या आशा सेविकांच्या झोपेचा अभ्यास करत असते, तर मानसशास्त्राचा एखादा संशोधक द्राक्षबागायतदारांच्या ताणाविषयी मुलाखती घेत असतो. यातील बहुतेकांची विद्याशाखा म्हसरूळच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत येते, तरीही ते एकमेकांना ओळखत नाहीत. आधी (मनाची पीडा) आणि व्याधी (शरीराचा आजार) हे शब्द आपण जोडीने उच्चारतो, पण त्यांचा अभ्यास करणारी माणसे निरनिराळ्या विभागांत बसतात.

या क्षेत्रात परिषदेला जाणे इतर विषयांपेक्षा अधिक गरजेचे ठरते, त्याचे कारण हेच आहे. १९७५ मध्ये अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठात रॉबर्ट ॲडर हे मानसशास्त्रज्ञ आणि निकोलस कोहेन हे प्रतिकारशक्तीचे अभ्यासक यांनी उंदरांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. सॅकरिनच्या गोड पाण्यासोबत प्रतिकारशक्ती दडपणारे सायक्लोफॉस्फमाइड हे औषध दिल्यानंतर, पुढे केवळ ते गोड पाणी पाजले तरी उंदरांची प्रतिकारशक्ती मंदावते, असे त्यांना आढळले. त्याच विद्यापीठातील जॉर्ज एंगेल यांनी १९७७ मध्ये आजाराकडे जैविक, मानसिक आणि सामाजिक अशा तिन्ही अंगांनी पाहण्याचा आराखडा मांडला. पहिले काम दोन विषयांची माणसे एकत्र आल्यामुळे झाले आणि दुसऱ्याने तीन अंगे एका चौकटीत आणली. आपल्या विद्यार्थ्याला असा सहकारी आपल्याच मजल्यावर मिळेल याची शक्यता कमी असते, म्हणून त्याला तिथे पाठवावे लागते जिथे असे लोक तीन-चार दिवस एकत्र जमतात.

हा लेख मार्गदर्शक, विभागप्रमुख, महाविद्यालयांच्या संशोधन समित्या आणि शिक्षणासाठी मदत करू इच्छिणारे नाशिकमधील विश्वस्त यांच्यासाठी आहे. त्यातील एक मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो आरंभीच सांगते. खर्च झाल्यावर बिले पाहून पैसे परत करणे, म्हणजेच प्रतिपूर्ती, ही तरुण संशोधकासाठी खरी मदत नव्हे. ज्याच्या घरी आधी खर्च करण्याची ऐपत आहे त्यालाच तिचा लाभ होतो. माझ्या एका विद्यार्थिनीचा शोधनिबंध परदेशातील परिषदेत तोंडी सादरीकरणासाठी निवडला गेला होता, संस्थेची मंजुरीही हाती होती. पैसे मात्र परत आल्यावर मिळणार होते, म्हणून तिच्या आईने पाटल्या गहाण ठेवल्या. प्रतिपूर्ती हाती पडायला अकरा महिने लागले आणि तोवरचे व्याज त्या घराने भरले. तेव्हापासून मी मंजुरीपत्रात रकमेआधी ती कधी मिळणार याचा दिनांक पाहते.

नऊ ते दहा महिने आधी: परिषद निवडणे

पहिली परिषद परदेशातील असू नये, असे माझे मत आहे. विद्यापीठांची आंतरविद्यापीठीय ‘आविष्कार’ स्पर्धा, आपल्या विषयाच्या संघटनेचे राज्य अधिवेशन, किंवा लोणावळ्याच्या कैवल्यधामसारख्या संस्थेतील एखादा शास्त्रीय मेळावा येथून सुरुवात करावी. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेने योगक्रियांचे प्रयोगशाळेत मोजमाप करण्याची परंपरा सुरू केली, आणि नाशिकच्या विद्यार्थ्याला ती आपल्या भाषेत भेटते. दुसऱ्या टप्प्यावर राष्ट्रीय पातळीचा विचार करावा. शरीरक्रियाशास्त्र आणि औषधशास्त्राच्या अभ्यासकांची राष्ट्रीय संघटना, भारतीय मनोविकारतज्ज्ञांची संघटना आणि एकात्मिक वैद्यकाचा स्वतंत्र विभाग असलेली बंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था ही काही ठिकाणे आहेत. या पायऱ्या ओलांडलेल्या विद्यार्थ्यासाठी आंतरराष्ट्रीय परिषद पाहावी. १९४२ मध्ये स्थापन झालेली अमेरिकन सायकोसोमॅटिक सोसायटी, जिने अलीकडे आपल्या नावात ‘जैव-मनो-सामाजिक’ हा शब्द घेतला आहे, युरोपातील मनोदैहिक वैद्यकाची संघटना आणि मन-मज्जा-प्रतिकारशक्ती संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था या तिन्हींची संकेतस्थळे विभागाने वर्षातून दोनदा तरी पाहावीत.

निवड करताना फसव्या परिषदांपासून सावध राहावे, कारण ‘मन’, ‘योग’ आणि ‘स्वास्थ्य’ या शब्दांच्या आडून भरणाऱ्या अशा परिषदा पुष्कळ आहेत. ‘आपल्या थोर कार्याने आम्ही प्रभावित झालो’ असे पत्र नुकत्याच एम.डी.ला लागलेल्या विद्यार्थ्याला आले, तर ते पत्र त्याचे काम वाचून लिहिलेले नाही हे उघड आहे. २०१९ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने हैदराबादच्या एका प्रकाशन-परिषद कंपनीला ५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला. नामवंत शास्त्रज्ञ आपल्या परिषदांना येणार असल्याची खोटी जाहिरात करणे हा तिच्यावरील आरोपांपैकी एक होता. पारख सोपी आहे. आयोजक संस्थेला निवडून आलेले पदाधिकारी आहेत का, मागील तीन वर्षांचे कार्यक्रमपत्र उपलब्ध आहे का, गोषवारा, म्हणजे शोधनिबंधाचा सारांश, तपासायला किमान काही आठवडे घेतले जातात का आणि एकाच सभागृहात एकाच दिवशी दंतवैद्यक, नॅनोतंत्रज्ञान व योग अशा तीन ‘जागतिक परिषदा’ तर नाहीत ना, एवढे पाहावे. गोषवारा दोन दिवसांत स्वीकारला गेला, तर शुल्क भरू नये.

आठ महिने आधी: कामाची कागदपत्रे आणि गोषवारा

मनुष्यांवरील कोणत्याही अभ्यासाला नीतिशास्त्र समितीची मान्यता लागते हे सर्वांना माहीत असते. मात्र योग, ध्यान किंवा प्राणायाम शिकवून परिणाम मोजणारा अभ्यास हीसुद्धा चिकित्सालयीन चाचणीच (क्लिनिकल ट्रायल) असते आणि तिची भारतीय चाचणी नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, नोंद करावी लागते, याचा अनेकांना विसर पडतो. १ एप्रिल २०१८ पासून ही नोंदवही पहिला सहभागी घेण्यापूर्वीचीच नोंद स्वीकारते. नोंद मागाहून करता येत नाही. परिषदेची तयारी खरे तर प्रबंधाचा आराखडा मंजूर होतानाच सुरू होते, ती अशी.

गोषवारा मार्गदर्शकाने स्वतः लिहून देऊ नये, पण चार वेळा तपासावा. ‘प्राणायामाने ताण कमी झाला’ या वाक्यात काहीच सांगितलेले नसते. किती जण होते, किती आठवडे, कोणत्या गटाशी तुलना केली, कोणत्या मापाने किती फरक पडला आणि किती जणांनी मध्येच सोडले, हे आकड्यांत यावे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने पहिला मसुदा मराठीत लिहावा, असा माझा आग्रह असतो, कारण विचार ज्या भाषेत स्वच्छ असतो त्या भाषेत तो आधी उतरला की इंग्रजीतील सुधारणा केवळ भाषेपुरती उरते. गोषवाऱ्याच्या ऑनलाइन अर्जात तरुण संशोधकांच्या शिष्यवृत्तीसाठी बहुधा एक लहानशी चौकट असते, तिच्यावर खूण करायची राहून गेली तर ती संधी गेली. अनेक आंतरराष्ट्रीय संस्था जागतिक बँकेच्या वर्गवारीनुसार निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांना शुल्कसवलत देतात आणि भारत त्या वर्गात येतो. सवलत जाहीर केलेली नसेल, तर आयोजकांना दोन ओळींचे नम्र पत्र पाठवावे. माझ्या अनुभवात अशा पत्राला नकार आला तरी तो सौजन्याने येतो.

सहा महिने आधी: पैशांची जुळणी

अनुदानाच्या बहुतेक सरकारी योजनांत स्वीकृतीपत्राशिवाय अर्ज घेतला जात नाही, म्हणून स्वीकृती आल्या दिवशी अर्ज सुरू करावेत. परदेशातील सादरीकरणासाठी अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, ज्यात २०२३ च्या कायद्यानुसार पूर्वीचे विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ (एसईआरबी) सामावले गेले, तसेच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर), वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद (सीएसआयआर), जैवतंत्रज्ञान विभाग आणि मानसशास्त्र वा समाजशास्त्राच्या अभ्यासकांसाठी भारतीय सामाजिक शास्त्र संशोधन परिषद (आयसीएसएसआर) यांच्या योजना पाहाव्यात. वयाची अट, आधी मिळालेल्या अनुदानानंतरचे अंतर आणि कोणत्या खर्चाला मान्यता आहे या तीन बाबी त्या वर्षीच्या सूचनापत्रातून काढून विभागाच्या फळ्यावर लावाव्यात. ज्या मार्गदर्शकांकडे स्वतःचा प्रकल्प आहे त्यांनी त्याच्या अंदाजपत्रकात ‘प्रवास’ या शीर्षाखाली संशोधन सहायकाचा परिषदखर्च सुरुवातीलाच मागावा. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०१५ मध्ये योग आणि ध्यानाच्या संशोधनासाठी ‘सत्यम’ ही योजना सुरू केली, तिच्यासारख्या प्रकल्पांना अर्ज करताना हे शीर्ष रिकामे सोडलेले मी अनेकदा पाहिले आहे.

अंदाजपत्रक प्रामाणिक असावे. बंगळुरूच्या तीन दिवसांच्या परिषदेसाठी नोंदणीशुल्क, त्यावर बहुधा वेगळा लागणारा १८ टक्के जीएसटी, नाशिकहून जाणे-येणे, चार रात्रींचा निवास, जेवण, रिक्षा आणि भित्तिपत्रकाची (पोस्टरची) छपाई धरून २५,००० रुपयांच्या आसपास रक्कम गृहीत धरावी. युरोप-अमेरिकेसाठी मी दोन लाखांच्या खाली हिशेब मांडत नाही. जेवण आणि स्थानिक प्रवास या दोन ओळी गाळून ‘विद्यार्थी ते पाहून घेईल’ असे म्हणण्याची पद्धत सर्रास आहे. विद्यावेतनावर जगणाऱ्या मुलाला हेच दोन खर्च सर्वाधिक जड जातात, म्हणून त्या ओळी गाळू नयेत.

आता आगाऊ रकमेविषयी. महाविद्यालयाचा लेखा विभाग साधारणतः कायम कर्मचाऱ्यालाच ॲडव्हान्स देतो, विद्यार्थ्याला देत नाही, आणि येथेच गाडी अडते. यावर तीन मार्ग मी वापरले आहेत. पहिला, मार्गदर्शकाने स्वतःच्या नावावर ॲडव्हान्स उचलावा आणि परतल्यावर बिले लावून तो मिटवावा. दुसरा, संस्थेने नोंदणीशुल्क आणि तिकीट थेट आयोजकांना व प्रवास कंपनीला भरावे, म्हणजे विद्यार्थ्याच्या खिशातून फक्त रोजचा खर्च जातो. तिसरा आणि सर्वांत टिकाऊ मार्ग म्हणजे विभागासाठी एक छोटा फिरता निधी उभारणे. सरकारी अनुदान मंजूर झाले की हा निधी विद्यार्थ्याला लगेच पैसे देतो आणि अनुदान आले की ते निधीत परत जमा होते. दीड-दोन लाख रुपयांचा असा निधी वर्षाला पाच-सहा विद्यार्थ्यांना राष्ट्रीय परिषदेसाठी आधार देऊ शकतो, कारण तो खर्च होऊन संपत नाही.

निधी माजी विद्यार्थ्यांकडून उभा करायचा असेल, तर तो धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या विश्वस्त संस्थेच्या खात्यात ठेवावा, एखाद्या प्राध्यापकाच्या वैयक्तिक खात्यात कधीही ठेवू नये. परदेशी स्थायिक होऊन तेथील नागरिकत्व घेतलेल्या माजी विद्यार्थ्याची देणगी घेण्यासाठी संस्थेला विदेशी योगदान कायद्याखाली, म्हणजे एफसीआरएखाली, नोंदणी लागते, हे आधी तपासावे. निवडीचे निकष लेखी असावेत. माझ्या मते गुणवत्तेइतकेच वजन दोन गोष्टींना द्यावे: विद्यार्थी यापूर्वी परिषदेला गेलेला नाही आणि त्याच्या घरी हा खर्च करण्याची ऐपत नाही. आर्थिक स्थितीची चौकशी मात्र खासगीत व्हावी, समितीपुढे उभे करून नव्हे.

परदेशी परिषदांचे शुल्क आंतरराष्ट्रीय कार्डाने भरावे लागते आणि विद्यार्थ्याकडे ते बहुधा नसते. मार्गदर्शकाने आपल्या कार्डाने शुल्क भरून रक्कम निधीतून घ्यावी. जाताना विद्यार्थ्याला परकीय चलनाचे फॉरेक्स कार्ड करून द्यावे आणि हॉटेल अनामत रकमेसाठी कार्ड मागते का हे आधी विचारावे.

चार महिने आधी: रजा, व्हिसा, प्रवास

निवासी डॉक्टरांच्या बाबतीत रजा हा पैशाइतकाच कठीण प्रश्न असतो. परिषदेची रजा कर्तव्यरजा म्हणून मंजूर करून घ्यावी, किरकोळ रजेतून कापू नये. त्या दिवसांची ड्युटी कोण करणार हे नावानिशी ठरवून लेखी द्यावे, नाहीतर शेवटच्या आठवड्यात वॉर्डमध्ये कोणी नाही म्हणून तिकीट रद्द होते.

युरोपातील बहुतेक देशांसाठी चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शुल्क प्रौढांसाठी ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. बोटांच्या ठशांसाठी नाशिकबाहेर, बहुधा मुंबईला, जावे लागते, अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखतही मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात असते. या एका दिवसाचा खर्चही अंदाजपत्रकात धरावा. महाविद्यालयाच्या पत्रात विद्यार्थी कोण, काय सादर करणार, खर्च कोण करणार आणि तो परत येऊन कोणता अभ्यासक्रम पूर्ण करणार, या चार गोष्टी स्पष्ट असाव्यात. अधिष्ठात्यांची सही लागते, तेव्हा हे पत्र दोन आठवडे आधी तयार ठेवावे.

दोन महिने आधी: सराव

मार्गदर्शकांनी सर्वाधिक वेळ या टप्प्याला द्यावा. भित्तिपत्रक वा स्लाइड सुबक असणे ही सोपी बाजू आहे. परिषदेने ए-झिरो आकार मागितला असेल, तर तो ८४.१ गुणिले ११८.९ सेंटिमीटर असतो. आडवे की उभे हे सूचनापत्रात पाहावे आणि विमानप्रवासासाठी कापडावर छापून घ्यावे, म्हणजे ते घडी घालून हातातल्या पिशवीत मावते. कसोटी लागते ती प्रश्नांच्या वेळी, आणि मन-शरीर संशोधनात काही प्रश्न हटकून विचारले जातात.

पहिला प्रश्न तुलनागटाचा असतो. एका गटाला रोज तासभर योगासने शिकवली आणि दुसऱ्याला काहीच केले नाही, तर फरक आसनांचा, की रोज तासभर प्रेमाने विचारपूस करणाऱ्या शिक्षकाचा आणि सोबत बसणाऱ्या मंडळींचा? विद्यार्थ्याला याचे उत्तर देता आले पाहिजे, निदान आपल्या अभ्यासाची ही मर्यादा आहे असे शांतपणे म्हणता आले पाहिजे. दुसरा प्रश्न अंधत्वाचा, म्हणजे कोणाला काय दिले हे लपवण्याचा. आपण योग करत आहोत हे सहभागी व्यक्तीपासून लपवता येत नाही, पण रक्तदाब मोजणाऱ्या परिचारिकेपासून गट लपवता येतो. तसे केले होते का, हे विचारले जाते.

तिसरा प्रश्न मोजमापाचा आहे आणि अनेक चांगले अभ्यास येथे अडखळतात. कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक सकाळी जाग आल्यानंतर साधारण ३० ते ४५ मिनिटांत शिखर गाठते आणि दिवसभर उतरत जाते. बाह्यरुग्ण विभागाच्या वेळेत एकाचा नमुना नऊ वाजता आणि दुसऱ्याचा बारा वाजता घेतला असेल, तर दिसणारा फरक घड्याळाचा असू शकतो. हृदयगतीतील चढउताराचेही तसेच आहे. मिनिटाला सहाच्या आसपास संथ श्वास घेतला, की श्वासाबरोबर होणारे हे चढउतार त्या गतीमुळेच वाढतात, म्हणून प्राणायाम चालू असताना घेतलेली नोंद मन शांत झाल्याचा पुरावा मानता येत नाही. चौथा प्रश्न भाषेचा असतो. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेली, ताण किती जाणवतो हे मोजणारी शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांची प्रश्नावली मराठीत कोणी आणली, उलट भाषांतर करून, म्हणजे मराठीतून पुन्हा इंग्रजीत आणून, ती तपासली का आणि सुरगाण्याच्या कोकणा बोलणाऱ्या बाईंना ‘ताण’ या शब्दाचा कोणता अर्थ लागला, हे विचारणारा श्रोता भेटला तर विद्यार्थ्याने घाबरू नये. त्या प्रश्नाचे उत्तर त्या सभागृहात फक्त त्यालाच माहीत असते.

सराव तीन वेळा करावा. पहिला आपल्या विभागात. दुसरा जाणूनबुजून परक्या लोकांसमोर: एक वैद्य, एक मानसोपचारतज्ज्ञ, एक परिचारिका आणि जमल्यास तळवाडे येथील योग विद्या गुरुकुलातील एखादे शिक्षक यांना बोलावून. नाशिकमध्ये ही मंडळी अर्ध्या तासाच्या अंतरावर आहेत, आणि परिषदेत नंतर जो संवाद व्हायचा आहे त्याची सुरुवात येथेच होऊ शकते. तिसरा सराव घड्याळ लावून, परिषदेच्या भाषेत करावा. इंग्रजी अडखळले तर मध्ये थांबवून उच्चार सुधारू नयेत, त्याने आत्मविश्वास जातो. नंतर एकांतात दोन-तीन शब्द सांगावेत.

परिषदेच्या दिवसांत

विद्यार्थ्याला कोणाला भेटायचे आहे त्या पाच जणांची यादी कार्यक्रमपत्रावरून आधीच करून द्यावी आणि त्यांतील दोघांना मार्गदर्शकाने स्वतः आधी पत्र लिहावे. नवखा विद्यार्थी चहाच्या वेळी भिंतीला टेकून उभा राहतो. ‘माझ्या मॅडमनी आपल्याला लिहिले होते’ या एका वाक्याने त्याचे पाय पुढे पडतात. निवास सभागृहाजवळ असावा, आणि विद्यार्थिनी एकटी जात असेल तर रात्री उशिरा पोहोचणारी गाडी वा विमान टाळावे, भले तिकीट थोडे महाग पडो. रोज संध्याकाळी पाच मिनिटांचा फोन पुरेसा असतो.

तिकिटे, बोर्डिंग पास, नोंदणीची पावती, हॉटेलचे जीएसटी क्रमांकासह बिल आणि हजेरीचे प्रमाणपत्र यांचे फोटो त्याच दिवशी विभागाच्या सामायिक फोल्डरमध्ये टाकायला सांगावे. हरवलेल्या एका बोर्डिंग पासपायी पूर्ण बिल अडकते.

परतल्यानंतर

पंधरा दिवसांच्या आत हिशेब आणि उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामासाठीच वापरल्याचा दाखला, सादर करावे, कारण फिरत्या निधीत पैसे वेळेवर परत आले नाहीत तर पुढच्या विद्यार्थ्याची रांग थांबते. महिन्याभरात विभागात एक तासाचे कथन ठेवावे, त्यात विद्यार्थ्याने स्वतःच्या सादरीकरणापेक्षा तिथे ऐकलेल्या दोन अभ्यासांविषयी बोलावे. भेटलेल्या लोकांना आठवड्याभरात पत्रे जावीत आणि परिषदेत आलेल्या प्रश्नांनुसार सुधारलेला शोधनिबंध सहा महिन्यांत नियतकालिकाकडे पाठवावा.

शेवटचे काम म्हणजे दोन पानांची टिपण. व्हिसाच्या रांगेत काय विचारले, कोणते स्वस्त वसतिगृह बरे निघाले, भित्तिपत्रक टांगायला पिना मिळाल्या की चिकटपट्टी न्यावी लागली, शाकाहारी जेवण कुठे मिळाले, कोणत्या प्रश्नाला उत्तर देता आले नाही. ही टिपण मराठीत लिहावी, विभागाच्या फाईलमध्ये लावावी आणि पुढील वर्षी निवड झालेल्या विद्यार्थ्याच्या हाती मंजुरीपत्रासोबतच द्यावी. त्या विद्यार्थ्याच्या दुसऱ्या सरावाला, परक्या लोकांमध्ये, टिपण लिहिणाऱ्याला पहिल्या रांगेत बसवावे.